गुगलवर साइट खाली आली, तर आधी थांबा

रोज चार-पाच चौकशीचे फोन यायचे. गेल्या आठवड्यापासून फोन वाजतच नाही. तुम्ही गुगलवर स्वतः शोधून पाहता. परवापर्यंत पहिल्या पानावर असलेली तुमची साइट आज सापडत नाही. पोटात गोळा येतो. रात्री झोप लागत नाही.

अशा वेळी माणूस बहुधा दोनांतली एक गोष्ट करतो. एक तर साइटची उलथापालथ सुरू करतो. नाहीतर जो कोणी पहिला फोन करेल, त्याला पैसे देऊन मोकळा होतो. या दोन्ही गोष्टी तुम्ही करू नयेत, म्हणून मी हे लिहिते आहे.

तुमचं गुहागरला छोटं होमस्टे असेल. देवगडच्या बागेतून तुम्ही आंब्याच्या पेट्या पाठवत असाल. पाककृती लिहीत असाल, दहावीचं गणित समजावून सांगत असाल. परदेशात राहून तिथल्या मुलांसाठी मराठीचे धडे तयार करत असाल. साइट लहान असते. पण घरखर्चाचा काही वाटा तिच्यावर चालतो. म्हणून जीव घाबरतो, हे मला ठाऊक आहे.

आधी नेमकं काय होतं ते समजून घ्या.

कोणती साइट वर दाखवायची आणि कोणती खाली, हे गुगल आपल्या नियमांनी ठरवतं. हे नियम थोडेथोडे सतत बदलत असतात. ते आपल्याला जाणवतही नाहीत. पण वर्षातून काही वेळा मोठा बदल होतो. त्याला ‘कोअर अपडेट’ म्हणतात. 2024 साली असे चार बदल झाले. मार्च, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि डिसेंबर. त्यातला मार्चचा बदल पुरा व्हायला 45 दिवस लागले. 2025 साली मार्च, जून आणि डिसेंबरमध्ये असे बदल सुरू झाले.

या बदलात गुगल तुमच्या एकट्याच्या साइटवर राग काढत नाही. सगळ्यांचीच क्रमवारी नव्याने लागते. वर्गात पाचवा येणारा मुलगा पुढच्या परीक्षेत नववा आला, म्हणजे त्याने कॉपी केली असं होत नाही. बाकीच्या मुलांनी अभ्यास वाढवला असेल. पेपर वेगळ्या पद्धतीने तपासला असेल. तुमच्या साइटचंही तसंच होऊ शकतं. म्हणून पहिल्याच दिवशी स्वतःला दोष देऊ नका.

आणि पहिल्याच दिवशी सगळा दोष गुगललाही देऊ नका. कारण साइट खाली येण्याची कितीतरी साधी, घरगुती कारणं असतात. ती आधी तपासा.

डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं वार्षिक नूतनीकरण राहून गेलं आहे का? होस्टिंगचं बिल थकलं आहे का? साइट उघडताना ‘सुरक्षित नाही’ असा इशारा येतो का? दुसऱ्याच्या फोनवरून उघडून पाहा. आपल्या फोनवर सगळं ठीक दिसतं आणि गिऱ्हाइकाला कोरं पान दिसतं, असं होतं.

नुकतीच साइट नव्याने बांधून घेतली असेल, तर एक गोष्ट हमखास पाहा. काम चालू असताना बांधणारे ती गुगलपासून झाकून ठेवतात. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी सेटिंगमध्ये एक खूण करायची सोय आहे. काम संपल्यावर ती खूण काढायची राहून जाते. मग गुगल तुमच्याच सांगण्यावरून तुमची साइट दाखवत नाही. ज्याने काम केलं त्याला एवढंच विचारा, ‘ती खूण काढली का?’

कधी कोणी साइटमध्ये घुसखोरी केलेली असते. तुमच्या साइटच्या नावाखाली गुगलवर जपानी अक्षरातली पानं दिसू लागतात, नाहीतर भलत्याच औषधांच्या जाहिराती. हे दिसलं तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी पासवर्ड बदला आणि जाणकाराकडून साइट साफ करून घ्या.

मग मोसम पाहा. आंबेवाल्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. जून संपला की हापूस शोधणारेच कमी होतात. जुलैत तुमची साइट शांत झाली, तर ते पावसाचं काम आहे. उकडीच्या मोदकांचं पान गणपतीच्या आठवड्यात वाचलं जातं. चकलीची भाजणी दिवाळीच्या आधी. म्हणून या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका. मागच्या वर्षीच्या याच दिवसांशी करा.

त्यातही आपले सण मागेपुढे होतात. 2024 साली गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 साली 27 ऑगस्टला. तारखेला तारीख लावून पाहिलं, तर उगाच घबराट होईल. सणाला सण लावून पाहा.

हे सगळं पाहायचं कुठे? गुगलचं ‘सर्च कन्सोल’ नावाचं साधन आहे. ते फुकट आहे. साइट तुमची आहे हे एकदा सिद्ध केलं, की ते उघडतं. तुम्ही ते अजून सुरू केलं नसेल, तर साइट नीट चालू असतानाच सुरू करा. आजारपण आल्यावर दवाखाना शोधत बसू नये, तसंच हे आहे. त्यात गेल्या 16 महिन्यांचा हिशेब मिळतो. म्हणजे मागचं वर्ष ताडून पाहता येतं.

त्यातला ‘परफॉर्मन्स’ हा भाग उघडा. तिथे चार आकडे असतात, पण आपल्याला तीन पुरे. तुमची साइट किती वेळा दिसली, किती जणांनी तिच्यावर क्लिक केलं, आणि सरासरी कितव्या जागेवर होती. स्वतःच्या फोनवर पुन्हा पुन्हा शोधून जागा मोजू नका. तुम्ही कुठे बसला आहात, आधी काय शोधलं आहे, यावरून निकाल बदलतो. तुम्हाला दिसतं तेच गिऱ्हाइकाला दिसेल असं नाही.

आता थांबण्याची गोष्ट.

गुगलचं एक पान आहे. त्यावर अपडेट कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते जाहीर होतं. ‘गुगल सर्च स्टेटस डॅशबोर्ड’ असं त्याचं नाव. तुमची घसरण त्याच दिवसांत सुरू झाली का, ते पाहा. झाली असेल, तर अपडेट संपेपर्यंत थांबा. संपल्यावर आणखी निदान एक आठवडा थांबा. गुगल स्वतः हेच सांगतं. मधल्या दिवसांत साइट वर-खाली होत राहते. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. गाळ बसू द्या.

आठवडा झाला, की अपडेट संपल्यानंतरचा एक आठवडा घ्या. अपडेट सुरू होण्याआधीचा एक आठवडा घ्या. दोन्ही शेजारी ठेवा. तुम्ही दुसऱ्या जागेवरून चौथ्या जागेवर आला असाल, तर काही करू नका. चांगलं चाललेलं बिघडवू नका. चौथ्या जागेवरून एकोणतिसाव्या जागेवर गेला असाल, तर मात्र नीट बसून विचार करायला हवा.

आणखी एक पाहून ठेवा. त्याच सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ असा एक भाग आहे. तिथे काही लिहून आलं असेल, तर गुगलच्या माणसाने तुमची साइट पाहून चूक दाखवली आहे. ती चूक दुरुस्त करून फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो. तिथे काहीच नसेल, तर तुमच्यावर कारवाई झालेली नाही. फक्त क्रम बदलला आहे. या दोन गोष्टींतला फरक माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक उगाच हबकतात.

आता साइटकडे वळू. सगळ्यात जास्त घसरलेली दहा पानं काढा. कागदावर नावं लिहा. आणि संध्याकाळी चहा घेऊन ती पानं वाचा. मालक म्हणून वाचू नका. शोधत आलेला माणूस म्हणून वाचा.

घरातल्या कोणाला तरी सोबत बसवा. शक्यतो ज्याने साइट कधी पाहिली नाही अशा माणसाला. त्याला तुमचं मोदकांचं पान फोनवर उघडून द्या आणि म्हणा, ‘यावरून मोदक करता येतील का सांग.’ मग गप्प बसा. तो कुठे अडतो ते पाहा. मोदकांचा इतिहास वाचता वाचता तो कंटाळतो का? जाहिराती बाजूला सारण्यात त्याचा वेळ जातो का? एक वाटी पिठीला पाणी किती घ्यायचं, हे त्याला सापडतं का? पारी फुटली तर काय करायचं, हे तुम्ही लिहिलं आहे का?

हा शेवटचा प्रश्न मोलाचा आहे. पारी का फुटते, हे ज्याने हाताने मोदक वळले त्यालाच सांगता येतं. उकड गरम असतानाच मळावी लागते. हाताला तेल-पाणी लावावं लागतं. पिठी जुनी असली तर कळ्या तुटतात. हे तुमच्याजवळ आहे. दुसरीकडून उचलून लिहिणाऱ्याजवळ ते नाही. गुगल चांगल्या पानाची जी लक्षणं सांगतं, त्यांत डिसेंबर 2022 मध्ये ‘अनुभव’ हा शब्द मुद्दाम घातला गेला. म्हणजे लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का, पाहिली आहे का. तुमच्या बाजूने बोलणारी ही गोष्ट आहे. तिचा उपयोग करा.

होमस्टेवाल्यांनी ‘निसर्गरम्य परिसर’ असं लिहून भागवू नये. ते सगळेच लिहितात. एसटी स्टँडवरून रिक्षा मिळते का, ते लिहा. पावसाळ्यात शेवटचा रस्ता कसा असतो ते लिहा. आजी-आजोबांना किती पायऱ्या चढाव्या लागतील ते लिहा. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, फोनला रेंज कुठल्या कंपनीची येते, जेवणात मासे कोणत्या दिवसांत मिळत नाहीत, ते लिहा. येणाऱ्याला हेच हवं असतं. फोन करून तो हेच विचारतो. त्याचे प्रश्न आठवा. तेच तुमचं पान आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. इंग्रजी पान मशीनमध्ये घालायचं, मराठी करून घ्यायचं आणि न वाचता शंभर पानं चढवायची, हे आता सर्रास चाललं आहे. असं करू नका. वाचकाचं भलं न करता ढिगाने पानं तयार करणं, मग ती मशीनने केलेली असोत वा माणसाने, हे गुगलच्या नियमांत बसत नाही. मार्च 2024 पासून हा नियम आणखी कडक झाला. केवळ भाषांतर करून वाढवलेली पानंही त्यात येतात. एआयची मदत घ्यायला बंदी नाही. शुद्धलेखन तपासायला घ्या, मुद्दे लावायला घ्या. पण पानावरची माहिती खरी आहे याची जबाबदारी तुमची आहे. खताचं प्रमाण चुकलं तर शेतकऱ्याचं पीक जातं. योजनेची तारीख चुकली तर एखाद्या विधवेचा अर्ज राहतो.

साइट फोनवर नीट दिसते का, हेही पाहा. 2015 च्या एप्रिलपासूनच फोनवर नीट वाचता न येणारी पानं गुगल फोनवरच्या निकालांत मागे ढकलू लागलं. आपल्याकडे तर बहुतेक जण फोनवरच वाचतात.

आता काय करू नये ते सांगते.

घाबरून जुनी पानं पुसून टाकू नका. पान सुधारता येण्यासारखं असेल, तर सुधारा. अगदीच निरुपयोगी असेल, तरच काढा. आत एक शब्द न बदलता वरची तारीख बदलू नका. ती वाचकाची फसवणूक आहे, आणि गुगलही त्याला भुलेल असं धरू नका. पान दोन हजार शब्दांचं असलंच पाहिजे, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. गुगलने असा कुठलाही आकडा ठरवलेला नाही. एका वाटीचं प्रमाण सांगायला चार ओळी पुरत असतील, तर चारच लिहा.

दहा गोष्टी एका दिवशी बदलू नका. मग कशाने काय झालं ते कळत नाही. एक बदल करा, वहीत तारीख घाला. ही वही फार उपयोगी पडते. आणि कुठल्याही बदलाआधी साइटचा बॅकअप घ्या.

विकत लिंक घेऊ नका. दुसऱ्या साइटनी तुमच्या साइटचा दुवा दिला, तर तुमची पत वाढते, हे खरं. म्हणून काही जण असे दुवे शेकड्याने विकतात. 2012 च्या 24 एप्रिलला गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला. तो नेमका अशा खटपटींविरुद्ध होता. विकत घेतलेल्या दुव्यांवर उभ्या असलेल्या साइट त्यात कोसळल्या. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी 2011 मध्ये, ‘पांडा’ नावाचा बदल आला होता. तो उथळ आणि उचललेल्या मजकुराविरुद्ध होता. अमेरिकेतल्या सुमारे 12 टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. इतकी वर्षं झाली, तरी तेच दुवे आणि तोच उचललेला मजकूर नव्या नावांनी विकायला येतो.

आणि मग ते फोन येतात.

‘मॅडम, गुगलमधून बोलतोय. तुमची लिस्टिंग आज बंद होणार आहे.’ फोन ठेवून द्या. दुकानाची माहिती नकाशावर दाखवणारं गुगलचं बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. ते चालू ठेवायला गुगल पैसे मागत नाही. ‘तीस दिवसांत पहिला नंबर, लेखी हमी.’ हाही फोन ठेवून द्या. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गुगल स्वतः सांगतं. पैसे देऊन वर दिसतात त्या जाहिराती. त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं. बाकीची जागा विकत मिळत नाही.

मी हे घरच्या अनुभवावरून सांगते. आमच्या मसाल्यांच्या साइटसाठी आम्ही एका माणसाला सहा महिन्यांचे पैसे आगाऊ दिले. माणूस बोलायला गोड होता. दर महिन्याला रंगीत अहवाल पाठवायचा. त्यात काय लिहिलं आहे ते आम्हाला कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती. पुढे साइट खाली आली. त्याने फोन घेणं बंद केलं. तेव्हा कळलं, की साइटचं नावही त्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. बारा वर्षं चाललेल्या मसाल्याचं नाव परक्या माणसाच्या खिशात होतं. ते सोडवून घेताना आमचा दिवाळीचा हंगाम गेला.

चांगली, प्रामाणिक माणसंही या कामात आहेत. त्यांना ओळखायची खूण सोपी आहे. ती हमी देत नाहीत. आधी तुमचं सर्च कन्सोल बघायला मागतात. काय करणार ते साध्या मराठीत सांगतात. पासवर्ड तुमच्याकडेच ठेवतात. तुम्हाला कळत नसेल, तर पुन्हा विचारा. पैसे तुमचे आहेत, लाज कसली?

अलीकडे आणखी एक गोष्ट होते आहे. ऑगस्ट 2024 पासून भारतातही गुगल काही प्रश्नांचं एआयने तयार केलेलं उत्तर अगदी वर देऊ लागलं. माणूस ते वाचतो आणि निघून जातो. खालच्या साइटवर येतच नाही. सर्च कन्सोलमध्ये तुमची जागा तीच आहे, साइट दिसतेही तितकीच, पण क्लिक घटले आहेत, असं चित्र असेल, तर हे कारण असू शकतं. तिथे तुमच्या साइटची चूक शोधत बसू नका. एका ओळीत ज्याचं उत्तर संपतं, अशा पानांवर यापुढे फार भिस्त ठेवू नका. पेटी मागवणं, खोली राखून ठेवणं, तुमच्याशी बोलणं, ज्यासाठी माणसाला तुमच्याकडे यावंच लागतं, त्या पानांवर मेहनत घ्या.

सगळं नीट करूनही साइट वर येईलच, असं मी सांगणार नाही. खोटा दिलासा देण्यात काही अर्थ नाही. काही सुधारणांचा परिणाम दिसायला महिने लागतात. कधी पुढच्या मोठ्या अपडेटपर्यंत वाट पाहावी लागते. सप्टेंबर 2023 च्या बदलात कितीतरी लहान, स्वतंत्र साइट खाली गेल्या. त्यांतल्या अनेक जणांनी मनापासून लिहिलं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये गुगलने अशा काही साइटमालकांना कॅलिफोर्नियातल्या आपल्या कार्यालयात बोलावून त्यांचं ऐकून घेतलं. तरीही सगळ्यांचे जुने दिवस परत आले नाहीत. प्रामाणिक माणसाचंही नुकसान होतं. ते झालं, तर त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही.

म्हणूनच घराला एकच दार ठेवू नका. आज गुगलवरून गिऱ्हाईक येत आहे, तेव्हाच दुसरी दारं उघडा. पेटी मागवणाऱ्याचा नंबर वहीत टिपा. त्याची परवानगी घेऊन पुढच्या मोसमाआधी त्याला व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवा. एकच. रोज शुभ सकाळ पाठवू नका, लोक नंबर बंद करतात. राहून गेलेल्या पाहुण्याला निघताना तुमचं कार्ड द्या. पेटीवर, पाकिटावर साइटचं नाव छापा. जो माणूस तुमचं नाव टाकून शोधतो, त्याला कुठल्याही अपडेटनंतर तुम्ही सापडण्याची शक्यता जास्त असते. नकाशावरची माहिती, फोन नंबर आणि वेळा बरोबर ठेवा. एखाद्याने वाईट अभिप्राय लिहिला, तर न चिडता उत्तर द्या. आणि साइटच्या उत्पन्नावर नवं कर्ज काढू नका. निदान दोन अपडेट कशी जातात ते पाहिल्याशिवाय तरी नको.

यातलं सगळं आज करायची गरज नाही. पण एक काम आज संध्याकाळीच करा. तुमच्या साइटचं डोमेन कोणाच्या नावावर आहे, कोणत्या ईमेलवर आहे आणि कोणत्या तारखेला संपतं, ते पाहा. बिल शोधा, नाहीतर ज्याने साइट करून दिली त्याला विचारा. ते तुमच्या नावावर नसेल, तर उद्या सकाळी पहिला फोन त्यासाठी करा.